तिचा खोकला, माझा खोकला

आईने मिरजेत सगळ्यांना सांगितलं, मुलीला न्यूमोनिया झालाय. मावशीला सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, दारावर येणाऱ्या भाजीवालीलासुद्धा. मला न्यूमोनिया झाला नव्हता. मला टीबी झाला होता, फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागू शकणारा, आणि तो मला एका जेलमध्ये लागला.

आता औषधं संपली आहेत, शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आलाय, म्हणून लिहायला बसले. आज-उद्या कुणाच्या हातात हाच रिपोर्ट पडला तर त्याला थोडा धीर यावा, हा एक हेतू. पण खोटं कशाला बोलू, मुख्य हेतू तो नाही. मला राग आलाय. बरी झाले तरी तो गेलेला नाही.

खोली

मी मानसोपचार करते. औषधं देणारी डॉक्टर नव्हे; समोर बसून बोलणारी, ऐकणारी. नवरा अभिजित हवाई दलात आहे. दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे माझी नोकरी कुठे मूळ धरत नाही. चंदीगडला आलो तेव्हा एका संस्थेमार्फत जेलमधल्या बायकांसाठी आठवड्यातून दोनदा जायचं काम मिळालं. कुठलं जेल ते लिहिणार नाही. चंदीगडमधलं नव्हे, शहर सोडून कॅबने तासभर, एवढं पुरे.

पहिले काही आठवडे मला व्हरांड्यात बसवलं. मी एका खुर्चीवर, समोर कैदी बाई, आणि आमच्या दोघींच्या मध्ये स्टुलावर हेड मेट्रन. बायकांच्या विभागाची सगळी व्यवस्था तिच्या हातात. उंच, दणकट, सतत चहा पिणारी बाई; सगळे तिला मेट्रनजी म्हणत. तिच्यासमोर प्रत्येकीला फक्त डोकेदुखी व्हायची. घरची आठवण येते का? नाही जी. झोप लागते का? लागते जी. लागत नाही म्हणाली, तर संध्याकाळपर्यंत ते ऑफिसात पोचणार आणि तिची जागा बदलणार, हे तिला ठाऊक होतं. मी सोडून सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी भांडले. बंद दार मिळाल्याशिवाय हे काम होत नाही, म्हटलं. डेप्युटी सुपरिटेंडेंट साहेब हसले. "मॅडम जी, यहाँ सब खुला है, कोई सीक्रेट नहीं।" मी येणं बंद करीन म्हटल्यावर त्यांनी एक खोली दिली. जुन्या घोंगड्या आणि सतरंज्या ठेवायची खोली होती ती. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून मेट्रनजी आत बघू शके, पण ऐकू शकत नसे. खिडकीवर प्लायवूड ठोकलेलं. पलीकडे पुरुषांचा विभाग होता, कुणी काही फेकू नये म्हणून.

मला केवढा आनंद झाला होता त्या खोलीचा!

कुलविंदर

हे तिचं खरं नाव नाही. तिला विचारूनच लिहितेय.

कुलविंदर तिशीतली, खेड्यातली. कच्ची कैदी, म्हणजे खटला चालू होता, शिक्षा झालेली नव्हती. आरोप काय होता ते मी सांगणार नाही. जेलमध्ये आल्यापासून ती बोलायची थांबली होती. खाणं कमी झालं होतं. बराकीतल्या बायका तिला "गूँगी" म्हणत. महिन्यातून एकदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या लिहून देत, त्या ती घेई.

माझ्यासमोर ती बरेच आठवडे नुसती बसली. मी म्हटलं, बोलायची सक्ती नाही, इथे नुसतं बसलीस तरी चालेल. ती घोंगडीचे निघालेले धागे ओढत बसे. मग एकदा, मान वर न करता, पंजाबीत म्हणाली, "माझी मुलगी पोळीच्या कडा खात नाही. आता कोण काढून देत असेल?"

तिथून आमचं काम सुरू झालं. मुलं सासूकडे होती. सासू भेटीला आणत नव्हती. नवरा मारायचा, हे तिने जसं सांगितलं तसं मी लोकांना पावसाबद्दल बोलताना ऐकलंय. मी विचारलं, "राग नाही आला?"

"राग कुणावर करू, दीदी? राग करणाऱ्या बाईला जास्त मार पडतो."

ती झोपायला लागली. जेवायला लागली. एकदा मेट्रनजीच्या एका विनोदावर हसली, तेव्हा मेट्रनजी स्वतः मला सांगायला आली, "मॅडम, गूँगी आज हँसी!" बाहेरच्या जगाला हे काहीच वाटणार नाही. माझ्या धंद्यात हा मोठा दिवस असतो.

आणि मग ती खोकायला लागली.

आधी कोरडा खोकला, मग बेडके. संध्याकाळी अंगात कसकस, पहाटे घामाने कुडता ओला. वजन परत उतरायला लागलं, जेवत असूनही. हे सगळं तिने मला सांगितलं, कारण बोलायला आता ती शिकली होती. मी जेलच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, हिचा एक्स-रे काढा, थुंकी तपासा.

"मॅडम, ये तो आपका ही केस है ना? मेंटल वाला? घबराहट में खाँसी होती है। अटेंशन के लिए भी करती हैं ये लोग।"

मी म्हटलं, घाम अटेंशनसाठी येत नाही. त्यांनी खोकल्याची बाटली दिली.

पुढच्या वेळी डेप्युटी साहेबांना भेटले. ते म्हणाले, एक्स-रेसाठी बाहेर न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, गार्ड कोर्टाच्या तारखांनाच पुरत नाहीत. "खाँसी के लिए गार्ड कहाँ से लाऊँ?" त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच. डोक्याचं दुखणं आहे असं एकदा कागदावर आलं, की मग त्या माणसाच्या छातीत, पोटात, हाडात दुखायची सोयच उरत नाही. जे होईल ते डोक्यातूनच होतंय. वेडी म्हणून नाव पडलेल्या बाईचा खोकलाही वेडा.

आम्ही त्या बंद खोलीत समोरासमोर बसत राहिलो. ती ओढणी तोंडावर धरून खोकायची आणि प्रत्येक वेळी "सॉरी दीदी" म्हणायची.

निदान

माझा खोकला सुरू झाला तेव्हा मी कूलरला दोष दिला. मग धुळीला. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात मला उठून बाहेर जावं लागलं, तेव्हा अभिजितने हात धरून हवाई दलाच्या स्टेशनवरच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी, स्क्वाड्रन लीडर. तिने माझी सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, "काम कुठे करता?" मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. सकाळी एक्स-रे झाला. दुपारी थुंकी तपासायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला एकटीला आत घेतलं, दार लावलं, खिडकी उघडली आणि सांगितलं. आवाज मऊ होता तिचा. "यह ठीक हो जाता है, मॅम। पूरा ठीक हो जाता है।"

ज्यांना हे नुकतंच कळलंय त्यांना सांगते: खरंच बरा होतो. त्या वेळी मात्र ते कानात शिरत नाही. मला पहिल्यांदा रेवा आठवली, माझी अकरा वर्षांची मुलगी, जी काल रात्री माझ्या पांघरुणात घुसून मोबाईल बघत होती.

आणि मग आठवला तो एक्स-रे. केवढा साधा होता! छातीला गार पत्रा, श्वास रोखा, सोडा. बस. कुणी विचारलं नाही की बाई, तुझ्या मनाला काही झालंय का, तू लक्ष वेधून घेतेयस का. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. अभिजितला वाटलं, भीतीने रडतेय. भीती होतीच. पण मी दात आवळून रडत होते, आणि भीतीने कुणी तसं रडत नाही.

घर

रेवाची तपासणी झाली, अभिजितची झाली. दोघे सुटले. रेवाला काही महिने खबरदारीच्या गोळ्या लागल्या. मला पहिले काही आठवडे वेगळी खोली, वेगळी ताटवाटी, तोंडाला मास्क, खिडक्या सताड उघड्या. चंदीगडच्या थंडीत खिडक्या उघड्या ठेवून झोपणं काय असतं ते झोपल्याशिवाय कळायचं नाही.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी. त्यानंतर अर्धा दिवस मळमळ. लघवी लाल होते. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी संडासातून किंचाळले. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. चव जाते. माणसांचा कंटाळा येतो आणि माणसं नसली की त्याहून वाईट वाटतं.

आई मिरजेहून आली. मेथी आणि डिंकाचे लाडू घेऊन आली, आणि येताना न्यूमोनियाही घेऊनच आली. फोनवर ती इतकं बेमालूम बोले की मलाच क्षणभर वाटायचं, आपल्याला न्यूमोनियाच झालाय. मी म्हटलं, "आई, टीबी म्हण. चोरी नाही केली मी."

"तुला कळत नाही. रेवाचं लग्न व्हायचंय."

"ती पाचवीत आहे!"

"लोक लक्षात ठेवतात," आई म्हणाली आणि माझे उकळलेले रुमाल वाळत घालायला गेली. दिवसरात्र माझं करत होती ती. तिच्यावर चिडताही येईना आणि न चिडताही राहवेना.

रेवा दारात उभी राहून बोलायची. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आमचं नेहमीचंच. एकदा म्हणाली, "मम्मा, आप जेल वाली आंटी से क्यूँ बीमार हुईं? आप तो उनको ठीक करने गई थीं ना?"

क्वार्टर्समधल्या बायकांनी फोन केले, फळं पाठवली, मुलं पाठवली नाहीत. फक्त शेजारच्या गिल आंटी आल्या. गच्चीवर उन्हात माझ्यापासून चार हात लांब खुर्ची टाकून बसल्या, मटार सोलत. मग म्हणाल्या, "मेनू वी होया सी. मलाही झाला होता. लग्नाआधी. आमच्या बीजींनी, आईने, टायफॉइड सांगितला होता सगळ्यांना." आणि मटाराची मूठ माझ्या ताटलीत टाकली. त्या आजारात मला जे काही चांगलं मिळालं त्यात ते मटार फार वर आहेत.

फोन

निदान झालं त्याच दिवशी मी जेलमध्ये फोन केला होता. माझ्या समोर बसणाऱ्या सगळ्या बायकांची, विशेषतः कुलविंदरची, ताबडतोब तपासणी करा.

"आप आराम करो मॅडम जी," डेप्युटी साहेब म्हणाले. "टीबी तो कहीं भी हो सकती है। बाज़ार में, कैब में।"

"मी तुम्हा लोकांना तीनदा सांगितलं होतं, ती खोकतेय."

"और मॅडम, बंद कमरा तो आपने ही माँगा था।"

मी फोन ठेवला. बाईला मनातलं बोलायला भिंत हवी, हे मागितलं तर ठोकलेली खिडकी देतात. आणि त्या खिडकीने कुणी आजारी पडलं तर म्हणतात, भिंत तूच मागितली होतीस.

दोन आठवड्यांनी पुन्हा फोन केला. काही झालं नव्हतं. मेट्रनजीने हळूच सांगितलं, कुलविंदरला वेगळं ठेवलंय. वाटलं, चला, निदान तेवढं तरी केलं. मग कळलं, वेगळं म्हणजे एकटीला कोठडीत, कारण खोकल्याने इतर बायकांची झोप मोडत होती. तपासणी नाहीच.

मी जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करायचं ठरवलं. घरात भांडण झालं. अभिजित चांगला माणूस आहे, पण त्या दिवशी तो घाबरला होता.

"आधी बरी हो ना, यार. तुझं वजन बघ. उद्या मला वरून विचारतील, तुमची बायको कसल्या भानगडीत पडलीय."

"भानगड? ती मरेल तिथे."

"आणि तू इथे मरत होतीस!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग तो पायऱ्यांवर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने आत आला आणि दारातूनच म्हणाला, "पाठव. मी वाचून देतो, इंग्रजी तपासतो." आमच्या लग्नात त्याने मला याहून प्रेमळ काही म्हटल्याचं आठवत नाही.

तक्रार गेली. एक्स-रेची गाडी जेलच्या आवारात उभी राहिली. जी गोष्ट गार्ड नसल्याने महिनोन् महिने होत नव्हती, ती एका सकाळी झाली, आणि गार्डही लागला नाही, कारण यंत्रच आत आलं. आणखी काही बायका सापडल्या. कुलविंदरला रक्ताची गुळणी झाल्यावर आदल्या आठवड्यातच सरकारी रुग्णालयात हलवलं होतं.

माझी जेलमध्ये जायची परवानगी रद्द झाली. कारण "प्रशासकीय". संस्थेच्या प्रमुखांनी फोनवर समजूत घातली, "थोडं सांभाळून घ्यायला हवं होतंत. आता आपल्या सगळ्यांचंच काम थांबलं." तेही खरंच होतं. एका तपासणीची किंमत म्हणून सगळ्या बायकांचं ऐकणारं माणूस काढून घेतलं. हा हिशेब ज्याने केला त्याला रात्री झोप लागते, याची मला खात्री आहे.

वॉर्ड

माझी थुंकी स्वच्छ आली, मी आता कुणाला आजार देऊ शकत नव्हते, तेव्हा रुग्णालयातून फोन आला. वॉर्डच्या डॉक्टर म्हणाल्या, "एक कैदी पेशंट आहे. औषध घेत नाही, जेवत नाही, बोलत नाही. आधी तुम्ही तिला बघत होतात असं कळलं. याल का?" जेलने नकार दिला असता. पण हे जेल नव्हतं, आणि डॉक्टरांनी मला पेशंटसाठी बोलावलं होतं.

कोपऱ्यातली खाट. दोन शिपाई, एक बाई, एक पुरुष, मोबाईल बघत. कुलविंदर भिंतीकडे तोंड करून. तिचा डावा हात खाटेच्या दांडीला हातकडीने बांधलेला. मनगट एवढं बारीक झालं होतं की हातकडी कोपराकडे सरकत होती. ती बाई उठून बसायला दुसऱ्याचा आधार घेत होती. पळून कुठे जाणार होती?

मी स्टूल ओढून बसले. "कुलविंदर, मी आलेय."

ती नखाने भिंत खरवडत राहिली.

"मला आजार झाला होता. म्हणून येता आलं नाही."

ती वळली. डोळे खोल गेलेले. "त्यांनी सांगितलं, तुम्ही काम सोडलं. म्हणाले, मॅडम म्हणतात या घाणेरड्या बायकांकडे मी येणार नाही."

"मी असं कधी म्हटलं नाही. मला टीबी झाला होता. घरात पडून होते, आई आली होती माझं करायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझे केस विंचरलेले होते. अंगावर आईने विणलेला स्वेटर होता. गालांवर लाडवांचं तेज परत येत होतं.

"तुम्हाला फोटो काढला?" तिने विचारलं. फोटो म्हणजे एक्स-रे.

"हो."

"कधी?"

"लगेच."

आणि ती ओरडली. तो आवाज त्या छातीतून आला कसा, मला माहीत नाही. "तुम्ही खोकलात तर फोटो! मी खोकले तर नखरे! तुम्हाला घर, मला कोठडी! तुम्हाला आई, मला ही!" हातकडी तिने दांडीवर आपटली. खण्णकन आवाज झाला. अख्खा वॉर्ड वळला. "माझी पोरं! माझी पोरं बघितली नाहीत मी! तुम्ही म्हणायचात बोल, बोल. मी बोलले! सगळं बोलले! काय झालं बोलून?"

शिपाई उठला. "मॅडम, चुप कराऊँ इसको?"

"हात नको लावू," मी म्हटलं. "बोलने दो।"

ती बोलली. नवऱ्यावर, सासूवर, डेप्युटी साहेबांवर, जेलच्या डॉक्टरवर, माझ्यावर. माझ्यावर बरंच. मी एकाही वाक्याला "तसं नाही" म्हटलं नाही, कारण तसंच होतं. मधेच खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत मी पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला, आणि पुन्हा सुरू झाली. शेवटी दमून उशीवर पडली. उजवा हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात मागतेय.

"पाणी," ती म्हणाली. "आणि त्या गोळ्या द्या."

मी डॉक्टरांना हातकडीबद्दल सांगितलं. त्यांनी लिहून दिलं की या पेशंटला बांधून ठेवायची गरज नाही, आणि कायदेशीर मदतीतून मिळालेल्या तिच्या वकिलाने ते कोर्टापुढे नेलं. हातकडी निघाली. त्यानंतर ती वॉर्डात असेपर्यंत मी जात राहिले. शिपाई ऐकत असत. आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

ती जेलमध्ये परत जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "तिकडे आता कोण येणार?"

"माहीत नाही. मला परवानगी नाही."

तिने मान हलवली. रडली नाही. मला तिला वचन द्यायचं होतं, पण माझ्याकडे द्यायला एकही खरं वचन नव्हतं.

सध्या

तिच्या वकिलाकडून कळतं, तिचा खटला अजून चालू आहे. औषधांचा कोर्स तिने पूर्ण केला. सासूने मुलांना एकदा भेटीला आणलं, कोर्टाने सांगितल्यावर. माझा परवानगीचा अर्ज तसाच पडून आहे. माझ्या जागी नवीन कुणी नेमल्याचं मी ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मेट्रनजी होती. आवाजात तक्रार होती.

"मॅडम, आपने इस कुलविंदर को क्या सिखा दिया? गूँगी ही अच्छी थी। नई लड़की आई है बैरक में, खाँसी है उसको। इसने दो दिन से आसमान सर पे उठा रखा है। थाली बजाती है, चिल्लाती है, बाकी सब भी साथ लग गईं। साहब का फ़ोन, मेरा फ़ोन, सबकी नींद हराम।"

मी विचारलं, "मग? तपासणी झाली त्या मुलीची?"

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"करानी पड़ी जी," ती म्हणाली.